प्रकटीकरण वाचणाऱ्याचं नेमकं काय होतं?

सुंठीचा_खडा

परवा भावाकडे मुक्कामाला होते. रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर भाचा हॉलमध्ये अंधारात मोबाइल घेऊन बसलेला. दहावीत आहे. चार घोड्यांचा व्हिडिओ चालू होता. युद्ध, साथ, दुष्काळ, सगळं एकापाठोपाठ, आणि खाली लाल अक्षरांत 'चौथा शिक्का फुटला'. मला म्हणाला, "आत्या, बोर्डाच्या परीक्षेपर्यंत जग राहणार आहे का?" मी हसले. तो हसला नाही.

आम्ही नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. बायबलमधलं हे शेवटचं पुस्तक मी लहानपणी आज्जीच्या तोंडून ऐकलंय. कंदिलापाशी बसून ती रोज एक अध्याय मोठ्याने वाचायची. गुंडाळीचे सात शिक्के, एकेक फुटला की एकेक अरिष्ट, अजगर, सात डोक्यांचं श्वापद, रक्ताचा झालेला समुद्र, काही गाळायची नाही. आणि पुस्तक मिटलं की पाच मिनिटांत घोरायला लागायची.

पुस्तक तेच. आज्जीला झोप लागायची, भाच्याची उडाली. असं का होत असावं? जुन्या करारातलं दानीएल, प्रकटीकरण असल्या लिखाणाने वाचणारा घडतो कसा, याबद्दल वाचलेलं किंवा अनुभवलेलं असेल तर लिहा. धर्म खरा की खोटा हा वाद कृपया इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत.

नाना_फडफडणीस

भाच्याला सांगा, बोर्डाने वेळापत्रक जाहीर केलंय. जगबुडी झाली तर फार तर पुरवणी परीक्षा होईल.

अभ्यासू_बोका

चांगला विषय. थोडी पार्श्वभूमी देतो.

पुस्तक साधारण इ. स. ९५ च्या आसपासचं, रोमन बादशहा दोमितियनच्या काळातलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लिहिणारा योहान पात्म नावाच्या बेटावर होता, आणि ऐकणारे होते आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सात शहरांतल्या लहान लहान मंडळ्या. 'ऐकणारे' मुद्दाम म्हटलं. पहिल्याच अध्यायात, तिसऱ्या ओवीत, वाचून दाखवणारा एक आणि ऐकणारे अनेक, अशांना धन्य म्हटलंय. म्हणजे एकाने उभं राहून वाचायचं, बाकीच्यांनी एकत्र बसून ऐकायचं, अशा बेताने ते लिहिलेलं आहे. रात्री दोनला एकट्याने हेडफोन लावून बघायचा हा माल नव्हे. तुमच्या आज्जी बरोबर वाचत होत्या.

त्या शहरांत चौकाचौकात बादशहाची देवळं होती, व्यापारी संघांच्या जेवणावळीत त्याला नैवेद्य होता. पोट भरायचं तर त्यात मिसळावं लागे. अशा माणसाला हे पुस्तक सांगतं की ज्या रोमला तू 'सनातन नगरी' म्हणतोस ते खरं तर श्वापद आहे. आठवडाभर बाजारात वावरताना त्याची नजर बदललेली राहावी, एवढा साधा हेतू. भविष्याच्या तारखा काढणाऱ्यांनी पुढे त्याचं पंचांग केलं.

मोजमापे_बाई

बोकोबा, पंचांग करणाऱ्यांवर एवढं खापर नको. पुस्तकच सांगतंय की मोजा. १३व्या अध्यायाची १८वी ओवी काढा. ज्याला बुद्धी आहे त्याने श्वापदाच्या ६६६ या संख्येचा हिशेब करावा, असं स्पष्ट आहे. मी शाळेत गणित शिकवते, मला तर हे आव्हानच वाटतं.

हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमन बादशहा नीरो, हिब्रूत लिहिलं की ५० + २०० + ६ + ५० + १०० + ६० + २०० = ६६६. आता गंमत बघा. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे. लॅटिन पद्धतीने 'नेरो' म्हटलं की शेवटचा 'न' गळतो, त्याचे ५० वजा होतात. म्हणजे नकलणाऱ्यालाही कुणाबद्दल बोलणं चाललंय ते कळत असावं.

आणि दानीएलचा शेवट तर याहून मजेशीर आहे. एका ओवीत १२९० दिवस, लगेच पुढच्या ओवीत १३३५ दिवस थांबेल तो धन्य. १२९० उलटून गेले आणि काही झालं नाही, म्हणून ४५ दिवसांची मुदतवाढ, असं अनेक अभ्यासक म्हणतात. तारीख चुकणं आणि चुकल्यावरही न सोडणं, दोन्ही मुळातच आहे.

नाना_फडफडणीस

मुदतवाढ! म्हणजे आमच्या उड्डाणपुलाचा ठेकेदार दानीएलवाचक निघाला.

पेठेतला_पंतू

मुदतवाढीवरून मिलरसाहेब आठवले. विल्यम मिलर, न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. दानीएलच्या ८व्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरायची, सुरुवात ख्रिस्तपूर्व ४५७ पासून. वजाबाकी केली की १८४३ येतं. ते वर्ष कोरडं गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून १८४४. शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. कित्येकांनी शेतातली पिकं काढलीच नाहीत, आता कशाला म्हणून. २३ तारखेला सूर्य नेहमीसारखा उगवला. तिकडच्या इतिहासात त्याला 'महानिराशा' म्हणतात.

पण लोक घरी गेले आणि विसरले असं नाही. त्यातल्या एका गटाने ठरवलं की तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली, आपण उगाच पृथ्वीवर शोधत होतो. त्यांचाच पुढे १८६३ मध्ये सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट पंथ झाला. पुणेकरांना सांगायला नको, आपल्या सॅलिसबरी पार्कात त्यांचा छापखाना आणि दवाखाना आहे, औंध रस्त्याला स्पायसर कॉलेज आहे. जग बुडायची वाट पाहणाऱ्यांनी दवाखाने आणि कॉलेजं बांधावीत याचं मला कायम नवल वाटत आलंय. भाच्याला हे सांगा. तेही लोक परीक्षा घेतात.

अभ्यासू_बोका

पंतू, झकास. एक दुरुस्ती: २२ ऑक्टोबर ही तारीख मिलरची स्वतःची नव्हती, सॅम्युअल स्नो या त्याच्या अनुयायाने ती काढली. मिलरने ती अगदी शेवटी शेवटी मानली.

@मोजमापे_बाई, १३:१८ बद्दल तुमचं बरोबर, मी घाईत लिहिलं. पण तो हिशेब त्या वेळच्या माणसाला एका बैठकीत सुटणारा होता. उत्तर ओळखीचं निघणार हे धरूनच तो घातलाय.

ह्यूस्टनची_हिरकणी

मी इथे आल्यावर पहिल्याच वर्षी हायवेवर मोठमोठे फलक बघितले होते, २१ मे २०११ ला न्यायाचा दिवस. हॅरॉल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवाल्या म्हाताऱ्याचे. २२ तारखेला ऑफिसमध्ये भरपूर विनोद झाले. नंतर त्याने ऑक्टोबर सांगितला. तोही गेला, आणि मग त्याने चूक कबूल केली.

पण टेक्सासात या विषयावर फार हसवत नाही, कारण वेको जवळ आहे. पंतूंनी सांगितलेल्या पंथातूनच फुटून निघालेला ब्रँच डेव्हिडियन नावाचा गट. डेव्हिड कोरेश त्यांचा म्होरक्या. सात शिक्के उघडणारा 'कोकरा' मीच, असं त्याचं म्हणणं. २८ फेब्रुवारी १९९३ ला बेकायदा शस्त्रांसाठी सरकारी धाड पडली, गोळीबारात चार अधिकारी आणि त्यांच्यातले सहा जण मेले, आणि ५१ दिवस वेढा पडला.

मी त्याबद्दल बरंच वाचलं. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आत बसलेल्यांनी पाचव्या शिक्क्याचा उतारा काढला. त्यात आधी मारले गेलेले लोक विचारतात, अजून किती वेळ? त्यांना उत्तर मिळतं की थोडा वेळ थांबा, तुमच्यासारखेच आणखी मारले जायचेत, त्यांची संख्या भरू दे. आता विचार करा, आपली सहा माणसं नुकतीच मेलीत, बाहेर रणगाडे आहेत, आणि पुस्तकात हे लिहिलंय. वाटाघाटी करणारे त्याच्या प्रवचनांना बडबड समजत होते. दोन बायबल अभ्यासकांनी रेडिओवरून त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायचा प्रयत्न केला. १४ एप्रिलला कोरेशने कळवलं की सात शिक्क्यांचा अर्थ लिहून झाला की मी बाहेर येतो. पहिल्या शिक्क्यापर्यंत लिहून झालं होतं. १९ एप्रिलला सरकारने भिंती पाडून अश्रुधूर सोडला, आग लागली, ७६ माणसं गेली. त्यात मुलंही होती. एक बाई आगीतून बाहेर पडली, तिच्याजवळ त्या लिखाणाची डिस्क होती.

तो भोंदू होता, मुलींवर अत्याचार करणारा होता, त्याची बाजू मी घेत नाहीये. पण आतल्यांना दिसत होतं तेच पुस्तकात होतं, आणि बाहेरच्यांनी नकळत त्यातलीच भूमिका वठवली.

चतुर्युगी

आपल्याकडे ही भीती का नाही? कारण कलियुग ४,३२,००० वर्षांचं. सुरुवात ख्रिस्तपूर्व ३१०२. अजून सव्वापाच हजारसुद्धा झालेली नाहीत. कल्की यायला अवकाश आहे, तोवर जेवून घ्या.

नाना_फडफडणीस

भीती नाही? १९७९ ला स्कायलॅब पडणार म्हणून आमच्या गावाने एका आठवड्यात सगळ्या कोंबड्या संपवल्या होत्या. शेवटी ते ऑस्ट्रेलियात पडलं. कोंबड्या काही परत आल्या नाहीत.

वसईची_केळी

आम्ही वसईचे कॅथलिक. खरं सांगू का, आमच्या घरी या पुस्तकाची भीती कधी कळलीच नाही. कारण आम्ही ते सलग वाचत नाही, मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तुकड्यातुकड्याने ऐकतो. १५ ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला सूर्य पांघरलेल्या बाईचा उतारा असतो. पायाखाली चंद्र, डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट. चर्चमधल्या मूर्तीवर ते तारे मी लहानपणापासून बघतेय, ते प्रकटीकरणातून आलेत हे कॉलेजात कळलं. १ नोव्हेंबरला पांढरे झगे घातलेला, मोजता येणार नाही एवढा जमाव. आणि मयताच्या मिस्साला, देव डोळ्यांतलं पाणी पुसेल तो भाग. अजगर त्या १५ ऑगस्टच्या उताऱ्यातही आहे, पण त्या दिवशी घरी वडे असतात, अजगराकडे कोण बघतो!

बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर हे पुस्तक उपासनेत सहसा वाचत नाहीत. चित्रांत मात्र भरपूर.

अभ्यासू_बोका

चित्रांवरून. जर्मन धर्मसुधारक लूथरला हे पुस्तक आवडत नव्हतं, १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने तसं सरळ लिहिलं. पण त्याच जर्मन नव्या करारात क्रानाख या चित्रकाराची चित्रं होती, आणि त्यात श्वापदावर बसलेल्या बाबेलच्या बाईच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट! ओरड झाली, डिसेंबरच्या आवृत्तीत मुकुट छिलून काढला. आपल्या शत्रूला ती टोपी घालून बघायचा मोह शहाण्यासुरत्यांनाही आवरत नाही.

आणि बारा वर्षांनी म्युन्स्टर शहरात काही जणांनी 'नवे यरुशलेम' प्रत्यक्षातच स्थापन केलं. १५३५ मध्ये शहर पडलं. पुढाऱ्यांची प्रेतं ज्या तीन लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते चर्चच्या मनोऱ्यावर अजून आहेत.

काळ्या_रानातला

इतका वेळ नुसता वाचत होतो. आता लिहितो.

मी असल्याच घरात वाढलो. आमच्या प्रार्थना भवनात भिंतीवर कापडी तक्ता होता, डावीकडे उत्पत्ती, उजवीकडे अग्नीचं सरोवर, मध्ये एक बाण आणि 'आपण इथे'. नव्वदच्या दशकात बिस्किटाच्या पुड्यावर बारकोड आला तेव्हा पाळकांनी पुडा हातात धरून दाखवला, ही श्वापदाची खूण, हिच्याशिवाय खरेदी-विक्री बंद होणार. पुढे तेच कार्डाबद्दल, मग लशीबद्दल. पण ते सोडा. मी तिसरीत होतो. शाळेतून आलो तर घर उघडं, चुलीवर भात, आणि कुणीच नाही. शेवटी खरे विश्वासणारे स्वर्गात उचलले जाणार असं आम्हाला शिकवलेलं. मला वाटलं सगळे वर उचलले गेले, मी एकटा राहिलो. मी ओट्याखाली जाऊन बसलो. आई शेजारी मिरच्या निवडायला गेली होती. वीस मिनिटं असतील. मी आज ४१ वर्षांचा आहे, आणि अजून घरी आल्यावर कुणी दिसलं नाही की पोटात तसंच होतं.

तेव्हा आज्जी घोरायच्या हे ठीक. पण त्यात दुसरीही बाजू आहे. शत्रू आगीत जळतायत आणि आपण वरून बघतोय, याने गाढ झोप लागत असेल तर ती कसली झोप? डी. एच. लॉरेन्स खाण कामगारांच्या वस्तीत हेच ऐकत वाढला आणि मरायच्या आधी त्यावर लिहून गेला. दुबळ्यांची सूडाची भूक, असंच त्याने या पुस्तकाकडे पाहिलं. मला ते पटतं.

वसईची_केळी

@काळ्या_रानातला दादा, तिसरीतल्या त्या पोराबद्दल वाचून गलबललं. आणि मी वड्यांचं लिहून बसले. सॉरी.

अभ्यासू_बोका

दादा, ते 'उचललं जाणं' प्रकटीकरणात नाही. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातली एक ओवी आहे, आणि तिला या कालपटात बसवलं ते १८३० च्या दशकात डार्बी नावाचा उपदेशक आणि त्याच्या मंडळींनी. तो तक्ता म्हणजे त्यांचाच वारसा. तुमच्या पोटातला गोळा जेमतेम दोनशे वर्षांचा आहे.

लॉरेन्सशी मात्र मी अर्धाच सहमत. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या ऐन काळात ॲलन बोसाक या काळ्या पाळकाने याच पुस्तकावर लिहिलं. पोलिस दाराशी असताना 'अजून किती वेळ?' हा प्रश्न सूडाचा वाटत नाही, तो अर्ज असतो. इंग्लंडमधल्या लेखकाला तो सूड दिसला, कारण त्याच्या दाराशी पोलिस नव्हते.

काळ्या_रानातला

बोका, दोनशे वर्षांचा असो की दोन हजार, गोळा माझ्याच पोटात आहे. आणि लॉरेन्सच्या दाराशीही पोलिस आले होते, त्याची पुस्तकं जप्त झाली होती. बाकी मान्य.

अभ्यासू_बोका

हे बरोबर. मागे घेतो.

कोमट_चहा

माझं टोपणनाव बघून कुणी तरी लावदिकीया काढेल म्हणून वाट बघत होते. कुणी काढेना, मीच काढते.

दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात सात मंडळ्यांना सात पत्रं आहेत. घोड्यांच्या घाईत सगळे ती गाळतात. शेवटचं पत्र लावदिकीयाला: तू थंड नाहीस, ऊन नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला ओकून टाकणार. आम्ही तुर्कस्तानच्या सहलीत तिथे गेलो होतो. समोर दरीपलीकडे पामुक्कलेची पांढरी टेकडी, तिथे गरम पाण्याचे झरे. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिकडे थंड पाणी. लावदिकीयाला पाणी लांबून नळाने यायचं. ते नळ अजून दिसतात, आणि आत चुन्याचा इतका थर की बोटसुद्धा जाणार नाही. घरचा गीझर आठवला. त्या पाण्यावरूनच 'कोमट' आलं असं एक स्पष्टीकरण आहे. शहर मात्र गडगंज. इ. स. ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलेलं. त्यांनाच पत्रात म्हटलंय, श्रीमंत आहे म्हणतोस, पण तू दरिद्री आणि उघडा आहेस.

म्हणजे अजगराच्या आधी श्रोत्याला उभं करून विचारलंय, तू यातला कोण? व्हिडिओत ही पत्रं कधी दाखवतात का?

सुंठीचा_खडा

सगळ्यांचे आभार. चार दिवस कामात होते, आज सलग वाचलं. @काळ्या_रानातला, तुमचा प्रतिसाद भावाला दाखवला. रात्री मुलाचा मोबाइल आता भावाच्याच उशाशी असतो.

आज्जीबद्दल, तिच्यात सूड नव्हता असं मी शपथेवर नाही सांगू शकत. बाबेल जळते आणि व्यापारी रडतात त्या अध्यायात तिचा आवाज चढायचा हे खरं. मालाची यादी ती सावकाश वाचायची. सोनं, रुपं, मोती अशी सुरुवात होऊन शेवटी गुरं, मेंढरं, घोडे, आणि सगळ्यात खाली माणसांचे जीव. "बघ कुठे ठेवलंय माणसाला," म्हणायची.

पण घोड्यांचं तिचं वाचन वेगळं होतं. तिसरा घोडा काळा, स्वाराच्या हातात तराजू, आणि आवाज येतो तो भावाचा. दिवसाच्या मजुरीत एका माणसापुरते गहू, किंवा तिप्पट जव. तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावायचा नाही. ७२ च्या दुष्काळात ती आणि आजोबा दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना चिरायची. तिला या ओवीत भविष्य दिसतच नव्हतं. "हे झालेलंय की," म्हणायची. "तेल-दारूचं कुणाचं काय बिघडलं तेव्हा? त्यांचं राहतंच." तिचा चौथा शिक्का फुटून गेलेला होता, आणि ती पलीकडे शाबूत होती. भाच्याचं तसं नाही, त्याचं सगळं अजून पुढे आहे.

आणखी एक. २१व्या अध्यायात नव्या नगराचं वर्णन आहे. आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्या नगराला बारा 'वेशी' आहेत. दरवाजे नाही, वेशी. आमचं घर गावात कुठे होतं ते नगरकडच्यांना सांगायला नको. आजोबांच्या वडिलांना वेशीतून आत जाताना पायताण काढून हातात घ्यावं लागे. आज्जी ती ओवी वाचायची, त्या वेशी दिवसा कधी बंद होणार नाहीत आणि रात्र तर तिथे नाहीच, आणि बोटांवर मोजायची: पूर्वेला तीन, उत्तरेला तीन, दक्षिणेला तीन, पश्चिमेला तीन. मग पुस्तक मिटायची.

मोजमापे_बाई

मोजणाऱ्यांतली ही मला सगळ्यात आवडली.

पेठेतला_पंतू

सुंठताई, मिलोच्या भाकरीवर वेगळा धागा काढा. आमची आई ती गरम पाण्यात मळायची, तरी फुटायचीच. आणि आज्जींचं ते पुस्तक आहे का अजून?

सुंठीचा_खडा

काकांकडे आहे. पण प्रकटीकरण सगळ्यात शेवटी ना, मागचा पुठ्ठा निघाला की आधी तीच पानं जातात. शेवटचा अध्याय घुशीने अर्धा खाल्लाय. आज्जीला पाठ होता, तिचं अडलं नाही.

नाना_फडफडणीस

शेवटच्या अध्यायात लिहिलंय ना, या पुस्तकातलं काही काढून टाकेल त्याचा जीवनाच्या झाडातला वाटा जाईल म्हणून?

सुंठीचा_खडा

हो नाना. नेमका तोच भाग खाल्लाय तिने.